हिरवा दिवा कोणाच्या दारात?

गेल्या पावसाळ्यात हिंगणीला आमच्या घरी बी. ए.ची काही मुले-मुली रविवारी इंग्रजी शिकायला बसत. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची १९२५ साली प्रसिद्ध झालेली 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी चालली होती. गाईडमधले उत्तर सर्वांना पाठ होते. हिरवा म्हणजे आशा, पिवळा म्हणजे पैसा, पांढरा म्हणजे निर्मळपणा, राखाडी म्हणजे दैन्य. आणि तात्पर्य असे की अप्राप्य स्वप्नामागे धावणाऱ्याचा नाश होतो. एका शेतमजुराच्या मुलीने विचारले, "सर, म्हंजे आपल्यासारख्यानं सपन पाहूच नये का?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते इथे देण्याचा प्रयत्न करतो.

कथा थोडक्यात अशी. जेम्स गॅट्झ हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. सतराव्या वर्षी तो नाव बदलून जे गॅट्सबी होतो. पुढे सैन्यात असताना डेझी या श्रीमंत घरच्या मुलीवर त्याचे प्रेम जडते. ती टॉम ब्युकॅनन या पिढीजात धनिकाशी लग्न करते. गॅट्सबी बेकायदेशीर धंद्यांतून अमाप पैसा मिळवतो, न्यूयॉर्कजवळ तिच्या घरासमोरच खाडीपलीकडे वाडा घेतो आणि रात्री तिच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहतो. हा काळ १९२२ च्या उन्हाळ्याचा.

नाव बदलण्याचा प्रसंग शिकवताना मी नेहमी थबकतो. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. शहरात खोली शोधायला गेलो तेव्हा घरमालकाने भाड्याच्या आधी आडनाव विचारले होते. गॅट्सबीने लहानपणी एका पुस्तकाच्या कोऱ्या पानावर दिवसभराचे वेळापत्रक लिहिलेले असते. त्याच्या मृत्यूनंतर बाप ते अभिमानाने दाखवतो. असे वेळापत्रक मीही घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिले होते. या माणसाच्या कष्टांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता रंगांकडे पाहू. गाईड रंगाचा अर्थ सांगते, पण तो रंग कोणाच्या मालकीचा हे सांगत नाही. डेझी पहिल्यांदा दिसते ती पांढऱ्या वेषात. त्याच प्रसंगी टॉम गोऱ्या वंशाचे वर्चस्व धोक्यात आल्याचे एका पुस्तकाच्या आधारे सांगतो. म्हणजे हा पांढरा रंग निर्मळपणाचा नाही, वंशाचा आहे. आपल्याकडे तर वर्ण या शब्दाचा अर्थच रंग. भगतसिंग थिंड यांनी आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, असा दावा करून अमेरिकेचे नागरिकत्व मागितले होते. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दाराबाहेर उभ्या असलेल्यानेही आपली जात पुढे केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

राखाडी रंग राखेच्या खोऱ्याचा. शहराची राख जिथे टाकली जाते तिथे विल्सन हा गॅरेजवाला पत्नी मर्टलसह राहतो. धनिकांच्या गाड्या शहरात जातात त्या या राखेतूनच. गावकुसाबाहेरच्या वाचकाला हे खोरे समजावून सांगावे लागत नाही.

आणि गुलाबी. गॅट्सबी ऑक्सफर्डला होता हे टॉमला पटत नाही, कारण तो गुलाबी सूट घालतो. वास्तविक युद्धानंतर पाच महिने तो तिथे होता. पैसा आला, तरी कोणी कोणता कपडा घालावा हे ठरवणारा टॉमच.

शेवटी गॅट्सबीची पिवळी गाडी डेझी चालवत असते. तिच्याखाली मर्टल मरते. टॉम विल्सनला गॅट्सबीचे नाव सांगतो. विल्सन गॅट्सबीला गोळी घालतो आणि स्वतःही मरतो. मेलेल्या तिघांपैकी एकालाही पिढीजात संपत्ती नव्हती. ज्यांना होती ते दोघे सामान बांधून सुखरूप निघून गेले. मग स्वप्न अप्राप्य होते, की ते तसे राखले गेले?

ही कादंबरीही पूर्वग्रहमुक्त नाही. तिच्यातली काळी माणसे क्षणभर येतात, एका ठिकाणी तर निवेदकाच्या हसण्याचा विषय म्हणून. तिच्याकडून उत्तराची अपेक्षा करू नये. ते आपल्या इतिहासात आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्येच, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पण १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेले. एकट्याच्या विद्वत्तेने दार उघडत नाही, हे त्यांनी सोसून पाहिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने सोडा. इथेही प्रश्न कपड्यांचाच होता; पण कोणा टॉमच्या पसंतीसाठी तो बदल नव्हता, आणि तो एकीने करायचा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून जमली. त्या पांढऱ्याला कोणाच्या वंशाचा दाखला लागला नाही. आपल्या झेंड्याचा निळा रंग आकाशाचा, असे आपल्याकडे सांगतात. आकाश कोणाच्या धक्क्यावर टांगलेले नसते.

म्हणून त्या मुलीला माझे उत्तर असे: स्वप्न अवश्य पाहा. गॅट्सबीची चूक स्वप्न पाहण्यात नव्हती. ज्यांनी त्याला बाहेर ठेवले त्यांच्याच दारातला दिवा त्याने आपला मानला, आणि तिथे तो एकटाच निघाला. वाटेतली राखेतली माणसे त्याला दिसली नाहीत. आपण शिक्षकांनी या कादंबरीचे तात्पर्य सांगताना एवढे तरी सांगावे. नाहीतर परीक्षेत गुण मिळवता मिळवता आपली मुले आपली पायरी ओळखायला शिकतील.