घर घेताय? आधी परिसर पारखून घ्या

प्रतिनिधी

पुणे : गुढीपाडवा जवळ आला किंवा दसरा-दिवाळीचे वेध लागले, की वृत्तपत्रांची पाने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींनी भरून जातात. हिरवळ, पोहण्याचा तलाव, खेळणारी मुले आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ, 'हिंजवडी अवघ्या पंधरा मिनिटांवर.' ही पंधरा मिनिटे बहुधा पहाटे चारची असतात. सकाळी नऊ वाजता त्याच अंतरासाठी तास मोडतो, हे जाहिरातीत लिहिलेले नसते.

पहिल्यांदाच घर घेणारी तरुण दाम्पत्ये बहुतेक वेळा रविवारी दुपारी प्रकल्प पाहायला जातात. रस्ते मोकळे असतात, नमुना सदनिका सजवलेली असते, चहा-सरबताने स्वागत होते. खिडकीतून दिसणारी टेकडी पाहून मन हरखते आणि सायंकाळपर्यंत आगाऊ रकमेचा धनादेश लिहिला जातो.

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. ज्या काळात ही म्हण रूढ झाली, त्या काळात माणूस जागा, विहीर आणि शेजार पाहूनच पाया खणत असे. आज सदनिका आयती मिळते, त्यामुळे जागा पारखण्याचे कामही बिल्डरने केले असेल, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक फरशी पुढे बदलता येते, ओटा बदलता येतो, भिंतीही पाडता येतात. परिसर मात्र खरेदीदाराला बदलता येत नाही आणि कर्जाचे हप्ते वीस वर्षे फेडावे लागतात. म्हणूनच सदनिकेपेक्षा परिसराची तपासणी अधिक कसोशीने व्हायला हवी. पुण्याच्या गेल्या काही वर्षांच्या अनुभवावरून ती कशी करावी, याचा हा आढावा.

स्वस्त घर खरोखर स्वस्त आहे का?

शहराच्या कडेला पाच लाख रुपयांनी स्वस्त सदनिका मिळते, म्हणून अनेक जण तिकडे वळतात. हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या पाच लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ४,३४० रुपये होतो. म्हणजे लांबचे घर घेतल्याने महिन्याला वाचतात ते एवढे रुपये.

आता खर्चाची बाजू. पती-पत्नी दोघेही दुचाकीने नोकरीला जातात आणि प्रत्येकाला रोज येऊन-जाऊन २४ किलोमीटर जास्त पडतात, असे समजा. महिन्याचे २५ दिवस धरले, तर प्रत्येकी ६०० किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तरी दोघांचा जादा खर्च २,६६० रुपयांच्या आसपास जातो.

आता पाण्याचा खर्च पाहू. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे सर्वसाधारण प्रमाण आहे. शंभर सदनिकांच्या सोसायटीत प्रत्येक घरी चार माणसे धरली, तर रोज ५४ हजार लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर झाले. टँकरचा दर हजार रुपये धरला आणि वर्षभर हेच पाणी घ्यावे लागले, तर प्रत्येक घराच्या वाट्याला महिन्याला सुमारे १,६०० रुपये येतात. दोन्ही मिळून जवळजवळ ४,३०० रुपये होतात. वाचलेले सगळे पैसे येथेच संपले.

वेळेचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. जाता-येता पाऊण-पाऊण तास जास्त लागला, तर वर्षाला ४५० तास, म्हणजे पुरे १८ दिवस आणि रात्री रस्त्यावर जातात. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. पण खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी आपापले आकडे घालून हे गणित सोडवलेच पाहिजे.

नळाला पाणी कोणाचे?

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. यांपैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांची पुढे स्वतंत्र नगर परिषद झाली. 'आता आपण महापालिकेत' एवढ्या एका वाक्यावर कडेच्या गावांतील दर वाढले. परंतु हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनी, टाकी आणि शुद्धीकरण केंद्र उभे राहण्यास वर्षे लागतात.

कडेच्या अनेक प्रकल्पांना परवानगी देताना पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत बिल्डर स्वखर्चाने पाणी देईल, असे हमीपत्र घेतले जाते. सोसायटी रहिवाशांच्या हाती आली, की हा खर्च हळूहळू त्यांच्या अंगावर येतो. त्यामुळे असे हमीपत्र आहे का आणि त्यात नेमके काय लिहिले आहे, हे खरेदीपूर्वीच मागून वाचावे.

पाणी किती येते, याइतकेच ते कसे येते हेही महत्त्वाचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या परिसरात 'जीबीएस' या मज्जासंस्थेच्या आजाराचे अनेक रुग्ण आढळले. दूषित पाण्याकडे संशयाची सुई वळली आणि विहिरी, टँकर, खासगी शुद्धीकरण प्रकल्प यांची तपासणी सुरू झाली. यांतील नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला ही गावे २०२१ मध्येच महापालिकेत आली होती आणि खडकवासला धरण तर त्यांच्या अगदी शेजारी आहे. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही अवस्था केवळ दुष्काळी तालुक्यांची नाही, याचा प्रत्यय शहराच्या उंबरठ्यावर आला.

पावसाचे पाणी कोठे जाते?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री झालेल्या मुसळधार पावसाने कात्रजपासून सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत आंबील ओढ्याकाठी हाहाकार उडवला. संरक्षक भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली, अनेकांचे प्राण गेले. वर्षातले बहुतेक महिने हा ओढा सांडपाण्याच्या नाल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात घर पाहायला आलेल्या माणसाला त्याची भीती वाटण्याचे कारण नसते. पुढे २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गामुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी सोसायट्यांमध्ये शिरले आणि रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले.

नदीकाठच्या जागेसाठी दोन रेषा माहीत असाव्यात. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवली जाते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी मिळते.

'पंचवीस वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकून अनेक जण निश्चिंत होतात. त्याचा खरा अर्थ असा, की दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता चार टक्के असते. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता त्या हिशेबाने निम्म्याहून अधिक होते. १०० वर्षांच्या पुराचीही शक्यता याच मुदतीत सुमारे १८ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचात एक भरते. तेव्हा इमारत कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे विकास आराखड्याच्या नकाशावर पाहणे हाच सुज्ञपणा होय. ओढ्यांच्या बाबतीत जुन्या रहिवाशांना विचारावे. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे त्यांना अचूक आठवते.

'प्रस्तावित' या शब्दाची किंमत

'प्रस्तावित मेट्रो स्थानकाजवळ', 'प्रस्तावित १०० फुटी रस्त्यालगत' या शब्दांवर दर वाढवले जातात. पुणे मेट्रोचे भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. पहिली गाडी धावली ती ६ मार्च २०२२ रोजी आणि तीही वनाज ते गरवारे महाविद्यालय व पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी एवढ्याच टप्प्यांवर. रामवाडीपर्यंतचा टप्पा मार्च २०२४ मध्ये, तर स्वारगेटपर्यंतचा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे मोठ्या निधीच्या आणि शासनाचे पाठबळ असलेल्या प्रकल्पालाही जवळजवळ आठ वर्षे लागली.

आराखड्यातील रस्त्यांची गत याहून बिकट असते. नकाशावरची रेषा प्रत्यक्षात उतरण्यासाठी भूसंपादन व्हावे लागते आणि एका जागामालकाचा प्रश्न अडला तरी रस्ता तेथेच थांबतो. कात्रज-कोंढवा रस्त्याचे रुंदीकरण जागा ताब्यात न आल्याने किती रखडले, हे त्या भागातील रहिवाशांना सांगायला नको. म्हणून एक नियम पाळावा. आज जो रस्ता वापरात आहे आणि जी बस किंवा मेट्रो आज धावते, तिच्यासाठीच पैसे मोजावेत. उद्या होणारी सोय झाली तर ती बोनस समजावी.

समोरचे मोकळे मैदान

खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेवर अनेक घरे विकली जातात. ती जागा मोकळी राहीलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. जुन्या हद्दीचा विकास आराखडा १९८७ चा होता. त्याच्या सुधारित आराखड्याला शासनाची मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये मिळाली. या आराखड्यांत प्रत्येक जागेचा वापर ठरवलेला असतो. समोरच्या जागेवर उद्यानाचे आरक्षण आहे, की रस्त्याचे, की सांडपाणी प्रकल्पाचे, हे महापालिकेच्या बांधकाम विभागात चौकशी करून किंवा झोन दाखला मागवून कळते. दूरवर दिसणाऱ्या गोष्टींचाही विचार करावा. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोविरुद्ध ग्रामस्थांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. वाऱ्याची दिशा रविवारच्या एका भेटीत कळत नाही.

कागद काय सांगतात?

परिसर पटला, तर कागदांकडे वळावे. १ मे २०१७ पासून राज्यात 'महारेरा' कार्यरत आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी तेथे बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक घालताच मंजूर नकाशे, चटई क्षेत्र, प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख, जागेवरील बोजा आणि न्यायालयीन दावे यांची माहिती घरबसल्या पाहता येते. पूर्ण करण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, हेही त्यातून उघड होते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे, हे ध्यानात ठेवावे.

जुनी सदनिका घ्यायची असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र आणि अभिहस्तांतरण झाले आहे का, हे तपासावेच. शिवाय सोसायटीचे गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. त्यातील टँकरचा खर्च, लिफ्टची दुरुस्ती, थकीत देखभाल शुल्क हे आकडे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक खरे बोलतात. टँकरवर वर्षाकाठी लाखो रुपये खर्च होत असतील, तर 'मुबलक पाणी' या आश्वासनाचा निकाल तेथेच लागतो.

चार वेळा जा, चार जणांशी बोला

निर्णयापूर्वी त्या परिसरात निदान चार वेळा जावे. एकदा कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आणि आपल्या कार्यालयापर्यंत प्रत्यक्ष जाऊन पाहावे. एकदा रात्री दहानंतर, एकटीने घरी येणाऱ्या मुलीच्या नजरेने रस्त्यावरचे दिवे आणि वर्दळ पाहावी. एकदा भर पावसात आणि शक्य असेल तर एकदा मे महिन्यात, पाण्याचे टँकर मोजण्यासाठी.

तसेच चार जणांशी बोलावे. किराणा दुकानदाराला कोणते लोक राहायला आले आणि कोणते सोडून गेले, हे माहीत असते. इस्त्रीवाल्याला वीज किती वेळ जाते, हे ठाऊक असते. रिक्षाचालक रात्री तेथे यायला तयार असतो की नाही, हे विचारण्याचीही गरज पडत नाही. त्याचा चेहराच सांगतो. आणि शेजारच्या इमारतीतील एखाद्या आजींना, रात्री-अपरात्री डॉक्टर किती वेळात मिळतो, हे अनुभवाने कळलेले असते.

शंका उरलीच, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याच परिसरात ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून पाहणे. त्यात एक पावसाळा आणि बहुधा एक उन्हाळाही येतो. भाड्याचे पैसे वाया गेले, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटेल. परंतु ४० वर्षांच्या मिळकतीचा मोठा हिस्सा जेथे गुंतवायचा, तेथे ११ महिन्यांचे भाडे ही परीक्षेची माफक फीच म्हणावी लागेल.

सर्व कसोट्यांना शंभर टक्के उतरेल असा परिसर कोठेही सापडणार नाही. कोणाला शाळा जवळ हवी, कोणाला आई-वडिलांसाठी दवाखाना, कोणाला शांतता. कशाशी तडजोड करायची, हे प्रत्येक कुटुंबाने आधी ठरवावे. पाणी, पूर आणि रोजचा प्रवास या तीन बाबतींत मात्र तडजोड करू नये. किमतीत सवलत देणारा बिल्डर या तिन्हींची भरपाई पुढे करून देऊ शकत नाही.