रिट्रिव्हर म्हणजे आणून देणारा

लॅब्रॅडॉर सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या नावात 'रिट्रिव्हर' का, ते किती जणांना ठाऊक असतं? रिट्रिव्ह करणं म्हणजे आणून देणं. शिकाऱ्याने पाडलेलं बदक दात न रुतवता हातात आणून द्यायला १९व्या शतकात ब्रिटनमध्ये ही जात तयार झाली.

ट्रेनिंगची सुरुवात 'बस' आणि 'थांब'ने. मग कापडी डमी फेकायची. हुकूम मिळेपर्यंत कुत्र्याने हलायचं नाही. आणलेली डमी खाली न टाकता हातात द्यायची. बक्षीस? पुन्हा तोच खेळ!

आमच्या कुरकुंभच्या माळावर मात्र काही पोरं कारवानी कुत्रे सशामागे सोडतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज सशाची शिकारसुद्धा गुन्हा आहे. जवळच सुप्याला चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, हे तरी लक्षात ठेवावं.

मग कुत्र्याच्या हौसेचं काय? मुंबई पोलिसांचा 'जंजीर' लॅब्रॅडॉरच होता. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकलं. शोधायचा नाद तोच; फक्त स्फोटकं सापडली की तोंड न लावता इशारा द्यायचा.

तेव्हा मित्रांनो, माळावर कुत्रा जरूर पळवा, पण डमीमागे!