कचेरीतील संगणकाचा मुखत्यार

महाविद्यालयात शिकलेल्यांना ‘प्रॉक्सी’ हा शब्द दुसऱ्याच्या नावाची हजेरी लावण्याच्या उद्योगामुळे परिचित असतो. कचेरीतील संगणकावर त्याला अधिक प्रतिष्ठित अर्थ आहे. कर्मचाऱ्याने एखादे संकेतस्थळ मागितले, की ती मागणी थेट बाहेर न जाता एका मध्यस्थ संगणकाकडे जाते. हा मुखत्यार ती स्वतःच्या नावे पुढे पाठवतो, तिची नोंद ठेवतो आणि आलेले पान मागणाऱ्याच्या हवाली करतो. १९९४ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत ही सोय वेबसाठी सिद्ध झाली, तेव्हा बंदिस्त जाळ्यातल्यांना बाहेर डोकावता यावे, हाच तिचा मुख्य हेतू होता. खिडकीची पुढे चौकी झाली.

या मुखत्याराचा पत्ता कर्मचाऱ्याने बदलू नये, म्हणून व्यवस्थापक त्या जागेला कुलूप घालतात. ‘विंडोज २०००’पासून ‘ग्रुप पॉलिसी’च्या द्वारे एका जागी बसून शेकडो संगणकांना असा हुकूम सोडता येतो, पत्त्याची चौकट करडी होते आणि तेथे काही लिहिता येत नाही. हा केवळ अविश्वास म्हणावा काय? तसे नाही. संगणकात शिरलेला घातकी प्रोग्रॅमही हाच पत्ता बदलून गुन्हेगारांच्या यंत्राचा पत्ता घालू शकतो. ब्राझीलमध्ये बँकांच्या ग्राहकांना बनावट पानांकडे वळवण्यासाठी ही युक्ती सर्रास वापरली गेली.

मात्र करड्या चौकटीवर विसंबणारा व्यवस्थापक भाबडाच म्हणावा लागेल. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सीची स्वतंत्र मांडणी करता येते आणि तो पेनड्राइव्हवरूनही चालतो. खरा बंदोबस्त वेशीवर हवा: मुखत्याराखेरीज कोणाचीही वाहतूक फायरवॉलने बाहेर सोडू नये आणि संगणकाचे सर्वाधिकार सामान्य वापरकर्त्याकडे असू नयेत. असे झाले, की पत्ता बदलणाऱ्याच्या पदरी बंद पडलेल्या जोडणीपलीकडे काहीच पडत नाही. उलट, कचेरीचा लॅपटॉप घरी नेणाऱ्या कारकुनाला या कुलपाचा जाच होतो. तेथे मुखत्यार पोहोचत नाही, पत्ता पुसता येत नाही आणि काम खोळंबते. जागा पाहून मार्ग ठरवणारी स्वयंचलित मांडणी १९९६ पासून उपलब्ध असताना हा त्रास निव्वळ आळसाचा आहे.

याहून गंभीर प्रश्न नोंदींचा आहे. सुरक्षित पानांच्या बाबतीत मुखत्याराला एरवी केवळ संकेतस्थळाचे नाव कळते. परंतु कचेरीने आपले मूळ प्रमाणपत्र संगणकात बसवले असेल, तर बंद पाकीट मध्येच फोडून पुन्हा चिकटवता येते. दुपारच्या सुटीत बँकेचे खाते किंवा डॉक्टरांचा अहवाल पाहणाऱ्या शिक्षकाला ब्राउझरमध्ये सारे सुरक्षितच दिसते. प्रमाणपत्र कोणी दिले हे उघडून पाहिल्याशिवाय त्याला संशयही येणार नाही.

यंत्र कचेरीचे आहे, तेव्हा कुलूप घालण्याचा तिचा अधिकार निर्विवाद आहे. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी रुमानियातील बार्बुलेस्कू याच्या खटल्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने, संदेशांवरील देखरेखीची पूर्वकल्पना कर्मचाऱ्याला दिली होती काय, हा प्रश्न महत्त्वाचा मानला. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी मालकाला संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. मग काय नोंदले जाते, ते किती दिवस राहते आणि कोण वाचतो, एवढे तरी रुजू होतानाच्या कागदांत मराठीत लिहून द्यायला अडचण कोणती?