बोट जमिनीवर येते तेव्हा

वल्हवण्याच्या शर्यतीत आठ जणांची जी बोट असते, तिला खेळाडू नुसतं ‘एट’ म्हणतात. लांबी सतरा-साडेसतरा मीटर, म्हणजे एसटीच्या जवळजवळ दीड गाड्या. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तिचं वजन ९६ किलोपेक्षा कमी असून चालत नाही, आणि बोट बांधणारे त्या आकड्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जातात. तिच्यात आठ धिप्पाड वल्हेकरी आणि सुकाणू सांभाळणारा कॉक्स बसले, की साधारण पावणेआठशे किलो होतात. स्वतःच्या आठपट वजन घेऊन ती धावते. तिची कातडी म्हणजे कार्बन फायबरचे दोन पापुद्रे आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी. सगळी जाडी काही मिलिमीटरच.

आणि हीच बोट किनाऱ्यावर एखाद्याच्या हातून पाना पडला तरी फुटते!

मला या खेळातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. पाणी बोटीला तळभर सारखं उचलून धरतं, कुठे एका बिंदूवर भार येऊच देत नाही. जमिनीवर मात्र तिला टेकू म्हणून ठेवलेल्या दोन घोड्यांवर नाहीतर आठ खांद्यांवर टेकावं लागतं, आणि तेवढ्या जागी सगळा ताण गोळा होतो. बोटीची निगा म्हणून जे काही केलं जातं, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून निघालं आहे: पाण्याने वाटून घेतलेला भार जमिनीवर माणसांनी वाटून घ्यायचा.

म्हणून एट उचलताना आवाज एकट्या कॉक्सचाच. आठही जण एकाच क्षणी उचलतात, एकाच क्षणी डोक्यावर घेतात, मग खांद्यावर. हात काठाला किंवा आतल्या आडव्या फासळ्यांना. बाहेर आलेल्या रिगरला, म्हणजे वल्हं ज्यावर टेकतं त्या सांगाड्याला, धरून उचलणं वर्ज्य. पाण्यात उतरवताना बोट धक्क्यापासून पुरेशी लांब धरायची, कारण तळाला एक छोटं पातं असतं. बोट सरळ रेषेत ठेवणारं ते पातं कडेला आपटलं की गेलं. आत पाय ठेवायचा तो फक्त सरकत्या बैठकीच्या रुळांमधल्या फळीवर. दुसरीकडे कुठेही पाय पडला, तर थेट तळातून खाली.

ट्रेलरवर चढवण्याआधी रिगर काढतात आणि कोणता रिगर कोणत्या बैठकीचा याची खूण करून बांधतात. एकाचा दुसरीकडे गेला तर वल्ह्याची उंची आणि कोन बिघडतो. पुष्कळ एट मधोमध बोल्टांनी जोडलेल्या असतात, त्या उघडून दोन तुकड्यांत नेतात. बोटी पालथ्या, मऊ गाद्यांवर. पट्टे हातानेच आवळायचे. मालट्रकवाले वापरतात तसला दात्याचा पट्टा इथे नको, कारण तो किती दाबतोय हे हाताला कळत नाही. आणि पट्ट्याला एक पीळ द्यायचा, म्हणजे वाऱ्यात तो फडफडून बोटीला घासत नाही. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं.

आता मुंबईहून पुण्याला निघालेला असा ट्रेलर डोळ्यांसमोर आणा. बोटीच्या नाळेत आणि मागच्या टोकात हवाबंद कप्पे असतात. बोटीत पाणी शिरलं तरी ती तरंगत राहावी म्हणून. खंडाळ्याचा घाट चढून गाडी सहाशे मीटर वर आली की बाहेरच्या हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. कप्प्यात मात्र अजून मुंबईचीच हवा! कप्पा खरोखर हवाबंद असेल तर त्याच्या पातळ भिंतींवर आतून दर चौरस मीटरला सातशे किलोंच्या आसपास रेटा बसतो. जवळजवळ अख्ख्या संघाचं वजन, तेही चुकीच्या बाजूने. उन्हात उभ्या बोटीतही हवा तापून फुगते आणि असाच रेटा देते. उपाय केवढासा: निघण्यापूर्वी कप्प्यांची झाकणं उघडायची. पाण्यात उतरताना ती आठवणीने लावायची, कारण उघडा कप्पा बोट तारू शकत नाही.

लांबच्या प्रवासाचं माझं आवडतं उदाहरण १९३६ चं आहे. जॉर्ज पोकॉक या कारागिराने सिएटलमध्ये देवदारासारख्या हलक्या लाकडाची ‘हस्की क्लिपर’ बांधली. ती ‘मॅनहॅटन’ जहाजावरून न्यूयॉर्कहून हॅम्बुर्गला आणि तिथून बर्लिनमधल्या ग्र्यूनाऊला गेली. स्वतः पोकॉकही बरोबर होता. तिथे अमेरिकेच्या एटने इटलीला ०.६ सेकंदाने मागे टाकून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. वाटेत तळाला एखादा चरा पडला असता तर ते ०.६ सेकंद उरले असते का, असा विचार मनात येतोच. ती बोट आजही वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बोटघरात टांगलेली आहे.

एकट्याची बोट, सिंगल स्कल, आणखी नाजूक. किमान १४ किलो, लांबी आठ मीटरच्या आसपास. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातून आलेला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात तेरावा आला. ही बोट एकटा माणूस सहज उचलून नेतो, पण घोड्यांवर ठेवून पाठ फिरवली तर वारासुद्धा ती उचलतो. म्हणून ती बांधायची, नाहीतर कुणीतरी जवळ थांबायचं.

रोजची निगा साधी आहे. गोड्या पाण्याने धुणं, पुसणं, बैठकीच्या रुळांवरचा काळा मळ काढणं, नट तपासणं. पुण्यात मुळेच्या पात्रात जलपर्णीही असते. पात्यात अडकलेले तिचे धागे काढावे लागतात.

पुण्याच्या, आता विद्यापीठ झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून मुळेच्या काठावर आहे. तिथल्या रेगाटाला, म्हणजे बोटींच्या सोहळ्याला, गेलात तर थोडं लवकर जा आणि बोटी खांद्यावरून पाण्यात उतरताना पाहा. फक्त एक सांभाळा: घोड्यांवर किंवा जमिनीवर ठेवलेली बोट कधी ओलांडू नका. वळसा घालून जा.