देशांतरानंतर उशिरा आरंभ होणारे विज्ञान-गणिताचे शिक्षण

वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली या भागांतील अनेक कुटुंबे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणक-व्यवसाय, वैद्यक आणि परिचर्या यांच्या निमित्ताने इंग्लंडात जाऊन राहिली आहेत. स्थलांतराचा मुहूर्त नोकरीच्या सोयीने ठरतो, शाळेच्या वेळापत्रकाने नव्हे. मूल सात-आठ वर्षांचे असेल तर फारसे बिघडत नाही. भाषा वर्षभरात येते आणि अंकगणित सर्वत्र सारखेच असते. पण मुलगा किंवा मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल, येथील दहावी होऊन अकरावीचे तीन-चार महिने झालेले असतील, तर प्रश्न निराळ्या स्वरूपाचा होतो. या मुलाने तेथे कोणत्या पायरीवर उभे राहावे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केवळ गणित व विज्ञान या विषयांपुरता करावयाचा आहे.

इंग्लंडात या टप्प्यास ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात. अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत प्रवेश केल्यावर पहिला, दुसरा असे वर्ग मोजत गेले म्हणजे सोळाव्या वर्षानंतरचा वर्ग सहावा येतो; आपल्याकडे मराठी शाळा संपल्यावर ‘इंग्रजी पहिली’पासून नव्याने मोजणी सुरू होत असे, तसाच हा प्रकार. आता अधिकृत गणनेत त्याला बारावे व तेरावे वर्ष म्हणतात, तरी जुने नाव टिकून आहे. या दोन वर्षांत विद्यार्थी सामान्यतः तीनच विषय घेतो आणि दोन वर्षांच्या अखेरीस, मे-जून महिन्यांत, सर्व अभ्यासक्रमाची परीक्षा एकदम देतो. ही ‘ए-लेव्हल’ परीक्षा. विज्ञान विषयांचे आजचे अभ्यासक्रम २०१५ पासून आणि गणिताचा २०१७ पासून शिकविला जाऊ लागला. वयाच्या दृष्टीने आपली दहावी तेथील अकराव्या वर्षाशी जुळते, म्हणून अकरावी-बारावी ही दोन वर्षे आणि तेथील शेवटची दोन वर्षे समांतर आहेत असे पालक गृहीत धरतात. वयापुरते ते खरे आहे. अभ्यासक्रमाच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे आहे, आणि सगळी अडचण त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

महाराष्ट्राच्या अकरावीत त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, शांकव, संमिश्र संख्या, सारणिके, क्रमचय-संचय, गणिती विगमन आणि विकलनाचा आरंभ एवढे सारे येते. बारावीत सदिशांचे अदिश व सदिश गुणाकार, तर्कशास्त्र, संकलन, विकलक समीकरणे व द्विपद वितरण येते. इंग्लंडच्या सामान्य ए-लेव्हल गणितात संमिश्र संख्या नाहीत, सारण्या नाहीत, सदिशांचा अदिश गुणाकारदेखील नाही. हे भाग ‘फर्दर मॅथेमॅटिक्स’ या स्वतंत्र विषयात आहेत. उलट तेथील गणितात सुमारे एक-तृतीयांश भाग यामिकी व संख्याशास्त्र यांचा आहे. आपल्याकडे यामिकी भौतिकीच्या पुस्तकात राहते, आणि संख्याशास्त्रातील गृहीतक-परीक्षण कनिष्ठ महाविद्यालयाच्या गणितात नाही. समीकरणांची मुळे अंदाजाने काढण्याच्या संख्यात्मक रीतीही आपल्याकडे पदवीच्या वर्गापर्यंत थांबतात. तेव्हा नोव्हेंबरात पोहोचलेला विद्यार्थी एकाच वेळी वर्गाच्या पुढेही असतो आणि मागेही. बीजगणितात तो सफाईने पुढे जातो. त्यामुळे पहिल्या महिन्यात त्याची आणि त्याच्या शिक्षकाचीही अशी समजूत होते की याला काही उणे नाही. ही समजूत अभ्यासातील उणिवेपेक्षा अधिक घातक ठरते, कारण तिच्यामुळे उणीव वसंत ऋतूपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

उणीव कोणत्या जातीची असते हे उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक नाणे वीस वेळा उडविले आणि पंधरा वेळा छाप पडला. नाणे निर्दोष असल्यास पंधरा किंवा अधिक छाप पडण्याची संभाव्यता किती? बारावीचे द्विपद वितरण शिकलेला आपला विद्यार्थी २१,७०० भागिले १०,४८,५७६ असे मांडून सुमारे ०.०२१ हे उत्तर काढील. येथे त्याच्या दृष्टीने गणित संपले. तेथील परीक्षकाच्या दृष्टीने ते आता सुरू झाले. गणित करण्यापूर्वीच दोन गृहीतके स्पष्ट लिहावयाची: नाणे निर्दोष आहे हे एक, आणि छापाची संभाव्यता अर्ध्याहून अधिक आहे हे दुसरे. मग ०.०२१ ही संख्या शेकडा ५ या सार्थकता-पातळीशी ताडून पहावयाची. ती लहान आहे, म्हणून पहिले गृहीतक त्याज्य ठरवावयाचे आणि शेवटी प्रश्नातील परिस्थितीच्या भाषेत निष्कर्ष लिहावयाचा. तो निष्कर्ष ‘नाणे खोटे आहे’ असा लिहिला तर गुण जातो. ‘नाणे छापाकडे झुकते असे मानण्यास पुरेसा पुरावा आहे’ असा लिहिला तर मिळतो. हा भेद शब्दच्छल वाटेल, पण आधुनिक विज्ञानातील अनुमानाची सारी शिस्त त्यात आहे. आपल्याकडील विद्यार्थ्याला ती प्रथम पदव्युत्तर वर्गात, आणि पुष्कळदा प्रबंध लिहिताना, भेटते.

दुसरे उदाहरण कप्पीचे. दोन वस्तुमाने एका दोरीने जोडून कप्पीवरून सोडली आहेत, प्रवेग काढा. हे गणित येथेही आहे, तेथेही आहे. परंतु तेथे त्याच प्रश्नाच्या शेवटी एक उपप्रश्न असतो: ‘दोरी ताणली जात नाही या गृहीताचा उपयोग तुम्ही कोठे केला?’ उत्तर एका वाक्याचे आहे: दोन्ही वस्तूंच्या प्रवेगांचे परिमाण समान धरले, तेथे. आपला विद्यार्थी ते समान धरतोच, पण का धरतो हे त्याला कोणी विचारलेले नसते. कप्पी गुळगुळीत असल्याचा उपयोग कोठे झाला? दोन्ही बाजूंचा ताण एकच धरला तेथे. असे गृहीतांचे मूळ दाखविण्याचे काम प्रतिरूपण या नावाने तेथील अभ्यासक्रमात आरंभापासून आहे. माझ्या मते उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी तूट हीच होय, आणि शिकवणीच्या वर्गात अधिक उदाहरणे सोडवून ती भरून निघत नाही.

भाषेचा प्रश्न याच ठिकाणी डोके वर काढतो. मराठी माध्यमातून दहावीपर्यंत आलेल्या मुलास ‘समद्विभुज’ या शब्दातच त्या त्रिकोणाची व्याख्या मिळते. इंग्रजी संज्ञा पाठ कराव्या लागतात. पण त्या कोशात सापडतात, म्हणून त्यांचा त्रास अल्पकालीन असतो. खरा त्रास साध्या शब्दांचा. ‘लाइट स्ट्रिंग’ म्हणजे प्रकाशाची दोरी नव्हे, वस्तुमान नगण्य मानलेली दोरी. ‘रफ’ म्हणजे घर्षण विचारात घ्या. ‘मोमेंट’ आणि ‘मोमेंटम’ हे कानाला एकाच घरातले वाटतात. आपल्या ‘संवेग’ या शब्दाने तसा घोटाळा कधीच होत नाही. प्रश्नातील ‘हेन्स’ या शब्दाचा अर्थ मागील उत्तर वापरूनच पुढे जा असा आज्ञार्थक आहे, आणि ‘हेन्स ऑर अदरवाइज’ असे असेल तर अन्य मार्ग मोकळा असतो. हा भेद न कळल्याने अचूक उत्तराचेही गुण जातात. आपल्या मराठी परिभाषेतही एकवाक्यता नाही हे येथे नमूद केले पाहिजे. वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, ‘प्रवेग’ हा शब्द आहे, तर शालेय पुस्तकात त्याच संकल्पनेस ‘त्वरण’ म्हणतात. दोन्ही शब्द ओळखणारा विद्यार्थी तिसऱ्या, इंग्रजी शब्दाने दचकत नाही, असा एक अनपेक्षित लाभ त्यातून होतो.

विज्ञानाची गोष्ट आणखी निराळी. ए-लेव्हलच्या भौतिकीत किमान शेकडा ४० गुण गणिती कौशल्यांवर अवलंबून असतात, रसायनशास्त्रात २० आणि जीवशास्त्रात १०. त्यामुळे ज्याचे गणित सुस्थितीत आहे त्याला उशिरा भौतिकी घेणे त्या मानाने सुकर जाते. प्रयोगांचे तसे नाही. प्रत्येक विज्ञान विषयात दोन वर्षांत किमान बारा विहित प्रयोग स्वतः करून त्यांची नोंद ठेवावी लागते; त्यांचा शेरा श्रेणीपासून अलग, उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा दिला जातो. शिवाय लेखी परीक्षेतील किमान शेकडा १५ गुण प्रयोगज्ञानावरच असतात. आपल्याकडे बारावीच्या भौतिकीत ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, तेव्हा प्रमाण येथेच अधिक दिसते. पण येथील जर्नलमध्ये निष्कर्ष आधी ठाऊक असतो आणि निरीक्षणे त्याला जुळवून घेण्याची सवय अनेक प्रयोगशाळांत मुरलेली आहे. तेथे मोजमापातील अनिश्चितता किती आणि ती कोणत्या उपकरणामुळे, हेच विचारतात.

आता कोणत्या पायरीवर उभे राहावे या मूळ प्रश्नाकडे येऊ. वाटा तीन आहेत: चालू बाराव्या वर्षात मध्येच शिरणे, येथे अकरावी पूर्ण करून थेट तेराव्या वर्षात जाणे, किंवा पुढील सप्टेंबरपर्यंत थांबून दोन्ही वर्षे आरंभापासून करणे. पहिल्या दोन वाटांकडे पालकांचा ओढा असतो, कारण तिसरीत ‘वर्ष फुकट जाते’. परीक्षा दोन वर्षांची एकत्रित असल्यामुळे दुसरी वाट जवळजवळ अव्यवहार्य आहे. पहिल्या वर्षाचा अभ्यास तेथे कोणी पुन्हा शिकवीत नाही, आणि अपुरे राहिलेले प्रयोग भरून काढण्यास वेळ नसतो. पहिली वाट डिसेंबरपर्यंत खुली आहे असे म्हणता येईल, तीही गणित-भौतिकी घेणाऱ्यास. रसायनशास्त्रासाठी मी ती सुचविणार नाही. एरवी तिसरी वाटच श्रेयस्कर.

पायरी खाली उतरण्यात कमीपणा आहे ही समजूत आपल्या परंपरेत पूर्वी नव्हती. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होऊन १८९६ साली केंब्रिजला गेले, तेथे पदवीपूर्व विद्यार्थी म्हणून नव्याने बसले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. साताऱ्यात जन्मलेले गणेश सखाराम महाजनी, जे पुढे राजपुताना, दिल्ली व पुणे या विद्यापीठांचे कुलगुरू झाले, त्याच वाटेने रँग्लर झाले. कोल्हापूरचे जयंत नारळीकर १९५७ साली काशी हिंदू विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन गेले, तेही तेथे पदवीपूर्व वर्गातच दाखल झाले. या तिघांना येथील पदवीचा अभ्यास येत नव्हता असे कोण म्हणेल? तेथील परीक्षेची रीत आत्मसात करण्यासाठी त्यांनी वर्षे दिली. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याहून कठीण आहे. १८८३ साली अठराव्या वर्षी त्या अमेरिकेस गेल्या तेव्हा महाविद्यालयीन विज्ञानशिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. सारे शास्त्र परभाषेत, परदेशात, प्रथमच शिकून १८८६ साली त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यासाठी शरीरप्रकृतीची किती किंमत मोजावी लागली ते सर्वश्रुत आहे, म्हणून तो दाखला मी घाईच्या समर्थनासाठी देऊ इच्छित नाही.

क्रमाचे हे बंधन सर्व विषयांना नसते. वाईवरून पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी लागते. तेथील सेंट पीटर्स शाळेत शिकलेला झांझिबारचा फारुख बलसारा १९६४ साली, नेमक्या याच वयात, कुटुंबासह इंग्लंडला गेला आणि त्याने चित्रकलेचा अभ्यास धरला. फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला तो ठाऊक आहे. चित्रकलेत कोठूनही आरंभ करता येतो. संकलनाचा आरंभ विकलनाआधी करता येत नाही.

थांबण्याच्या निर्णयास दोन व्यावहारिक कलमे जोडलेली आहेत. ज्याच्याजवळ इंग्रजी व गणित यांतील चौथी श्रेणी किंवा मान्य समकक्षता नसेल, त्याला सिक्स्थ फॉर्ममध्येही ते विषय चालू ठेवावे लागतात. म्हणून दहावीची मूळ गुणपत्रिका व तिच्या समकक्षतेचा दाखला निघण्यापूर्वीच हाताशी असावा. दुसरे कलम पैशाचे. इंग्लंडातील विद्यापीठांत स्थानिक दराने शुल्क लागण्यासाठी सामान्यतः कायम वास्तव्याचा हक्क आणि अभ्यासक्रमाच्या आरंभापूर्वी तीन वर्षांचा अखंड निवास या दोन्ही गोष्टी लागतात. ज्या कुटुंबास वास्तव्याचा हक्क आधीच आहे त्यांच्या मुलाला दोन वर्षांऐवजी तीन वर्षे शाळेत लागली, तर ‘फुकट गेलेले’ वर्ष शुल्कात कित्येक पटींनी परत मिळू शकते. केवळ नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या कुटुंबास मात्र हा लाभ नाही. त्यांनी परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क धरूनच हिशेब करावा.

उलट दिशेने परतणाऱ्या मुलांची संख्या लहान आहे, पण त्यांची अडचण कमी नाही. तेथील अकरावे वर्ष संपवून ती येथे येतात तेव्हा आपले अकरावीचे वर्ग चालू झालेले असतात. संमिश्र संख्या व सारणिके त्यांना नवी असतात. सर्वांत चमत्कारिक अडचण गणकयंत्राची. तेथे ए-लेव्हल गणिताच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेस ते चालते. आपल्या बारावीच्या परीक्षेत ते चालत नाही, लॉगॅरिदमची कोष्टके चालतात. तेव्हा लंडनहून वाईस परतलेल्या मुलाला भौतिकीचे पहिले उदाहरण सोडविण्यापूर्वी पूर्णांश आणि अपूर्णांश म्हणजे काय, आणि शून्याहून मोठ्या पण एकाहून लहान संख्येचा पूर्णांश ऋण कसा लिहावयाचा, हे शिकून घ्यावे लागते. पंधरवडा पुरतो, मात्र तो जूनमध्येच द्यावा, परीक्षेच्या तोंडावर नव्हे.