परमुलखातले घर

मे २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने आपल्या जगभरच्या वकिलातींना विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी मुलाखतींच्या नव्या तारखा देणे थांबविण्याचा आदेश दिला. जूनमध्ये तो उठला, परंतु अर्जदारांचे समाजमाध्यमांवरील लेखन तपासण्याची अट मागे राहिली. त्या धांदलीत चर्चा झाली ती मुख्यत्वे विद्यापीठांत जाणाऱ्या तरुणांची. त्याच आदेशाच्या कक्षेत येणारा एक लहानसा वर्ग फारसा कोणाच्या ध्यानी आला नाही. पंधरा ते अठरा वर्षांची शाळकरी मुले वर्षभरासाठी परदेशी जातात, तेथील शाळेत शिकतात आणि वसतिगृहात न राहता एखाद्या अनोळखी कुटुंबात राहतात. या विद्यार्थी-विनिमयाविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या प्रथेचे मूळ रणभूमीवर आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून वाहून नेण्यासाठी 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' ही स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातही तिने तेच काम केले. दोन पिढ्यांचे जखमी वाहिलेल्या या माणसांनी १९४७ साली शाळकरी मुलांच्या विनिमयाचा मार्ग धरला. पहिल्या वर्षी दहा देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले. पुढे १९५१ साली जर्मनीतील ७५ मुले मिशिगन राज्यातील कुटुंबांत राहावयास गेली. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. कालपर्यंत शत्रू म्हणविणाऱ्या राष्ट्राची मुले ज्यांनी आपल्या पानावर बसविली, त्या गृहस्थांनी आणि गृहिणींनी जे केले ते कोणत्याही तहनाम्याने साधले नसते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, २००२ साली, अमेरिकेने मुख्यतः मुस्लिम वस्तीच्या देशांतील मुलांसाठी 'येस' ही शिष्यवृत्ती सुरू केली, तिच्यामागेही हाच विचार होता. भारतातील मुलांनाही तिचा लाभ झालेला आहे.

अमेरिकेतील नियमांप्रमाणे अशा मुलास ठेवून घेणाऱ्या कुटुंबास त्याबद्दल मोबदला घेता येत नाही. खोली, जेवण, देखरेख सारे स्वखुशीचे. उलट घराची प्रत्यक्ष पाहणी होते, घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या पूर्वचारित्र्याची चौकशी होते आणि संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीने दरमहा विद्यार्थ्याशी व कुटुंबाशी संपर्क ठेवावा असे बंधन असते. ही खबरदारी अनाठायी नाही. अल्पवयीन मूल परक्या छपराखाली ठेवताना केवळ सद्भावनेवर विसंबून चालत नाही, हे कटू अनुभवांनी शिकविले आहे. मुलाला पाठविणाऱ्या आईबापांनी शाळेची कीर्ती विचारण्याआधी, अडचण आल्यास मुलाने कोणाकडे जावयाचे आणि घर बदलून मिळते काय, हे विचारावे.

खरी कसोटी लागते ती मात्र नियमांच्या पलीकडे, स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या टेबलाशी. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा 'नको' म्हणावे आणि यजमानाने तिसऱ्यांदा वाढावे, ही रीत. तिकडे 'नको' म्हणजे नको. आग्रहाची वाट पाहणारे आपले मूल पहिल्या आठवड्यात अर्धपोटी झोपते आणि यजमानीण समजते की त्यास भूक कमी आहे. बापाच्या वयाच्या माणसास नुसत्या नावाने हाक मारताना त्याची जीभ अडखळते. घरचे कुत्रे कोचावर शेजारी येऊन बसते. ज्याने घरी आपले ताट कधी उचलले नाही, त्यास भांडी विसळण्याची, अंगणातील गवत कापण्याची पाळी येते. ही पाळी म्हणजे अपमान नसून आपल्याला घरचा मानल्याची खूण आहे, हे उमगण्यास काही महिने लागतात. ते उमगले, की त्या मुलाचे खरे शिक्षण सुरू झाले असे समजावे.

परक्याच्या घरी राहून शिकणे मराठी माणसाला नवे नाही. वार लावून जेवून विद्या संपादन केलेल्यांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. परंतु त्या प्रथेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. तेथे अन्नदाता वर आणि विद्यार्थी खाली असे. शिवाय कोणाचे पान कोणाच्या पंक्तीस हे जात ठरवीत असे. विनिमयाची कल्पना याहून वेगळी आहे, कारण तीत देणाराही घेत असतो. पाहुण्या मुलाच्या निमित्ताने यजमानाच्या मुलांना आपले घर प्रथमच परक्याच्या डोळ्यांनी दिसते.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की आपण मुले पाठवितो तसे आपले दारही उघडले पाहिजे. रोटरीच्या योजनेत एका जिल्ह्याने मुले पाठवावीत आणि तितकीच स्वीकारावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. तीत विद्यार्थी बहुधा वर्षभरात एकाहून अधिक घरी राहतो. परंतु आपल्या सुशिक्षित घरांतही प्रश्न निघतो तो 'ते मूल आपले अन्न खाईल काय' असा. 'आपण त्यास घरचे मानू काय' असे क्वचितच कोणी विचारतो. पोटभर झाल्यावरही वाढत राहणारी आपली माया त्या मुलास जाच वाटू शकते. खोलीचे दार लावून घेण्याची त्याची सवय आपल्याला तुटकपणा वाटू शकते. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या धास्तीने आपण एक वर्ष 'वाया' घालवावयास भितो, ही अडचण खरी आहे. शिक्षण मंडळांनी अशा वर्षाच्या मान्यतेचा मार्ग सोपा केला पाहिजे.

शासने व्हिसाच्या खिडक्या उघडतील आणि मिटतील. मार्च २०२० मध्ये महामारीने कितीतरी मुलांना वर्ष अर्ध्यावर टाकून परतावे लागले, तरी पुढे घरे पुन्हा उघडली. परतलेल्या मुलाविषयी मात्र एक विनंती. तो जेवून उठल्यावर आपले ताट घासावयास बसला, तर आईने ते त्याच्या हातून काढून घेऊ नये. सातासमुद्रांपलीकडून त्याने आणलेली ती सर्वांत मोलाची वस्तू असेल.