अर्ध्या घराची किमया

कानाला लावलेल्या मोबाइलमधून निघालेली लहर डोक्यात किती खोल शिरते, हे जिवंत माणसाच्या मेंदूत सुई घालून मोजता येत नाही. ती लहर संगणकात चालवून पाहावी लागते. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे नियम सांगणारी मॅक्सवेलची समीकरणे 1860च्या दशकापासून हाताशी आहेत. पण कवटी, डोळा, कानाची पाळी अशा वेड्यावाकड्या आकारांपुढे कागद-पेन्सिल हात टेकतात.

तोडगा निघाला 1966 साली, केन यी यांच्या शोधनिबंधात. जागेची बारीक घनाकृती घरे पाडायची. विद्युत क्षेत्राचे आकडे घराच्या कडांवर ठेवायचे, चुंबकीय क्षेत्राचे पृष्ठांच्या मध्यावर. त्यामुळे प्रत्येक चुंबकीय आकड्याभोवती चार विद्युत आकड्यांचे रिंगण तयार होते, आणि उलटही तसेच. वेळेतही दोघे अर्ध्या पावलाने मागेपुढे: आधी एकाचे नवे मूल्य काढायचे, मग त्यावरून दुसऱ्याचे. सगळे काम बेरीज, वजाबाकी आणि गुणाकारात उरकते! इतक्या साध्या मांडणीत मॅक्सवेल मावतो, हे आजही थक्क करणारे आहे.

वेळेच्या या पावलाला मात्र लगाम आहे. एका पावलात लहरीने घराबाहेर उडी घेता कामा नये. त्रिमितीत हा लगाम आणखी आवळतो. घर 1 मिलिमीटरचे असेल, तर पाऊल 1.9 पिकोसेकंदांच्या आसपासच थांबवावे लागते. त्याहून मोठे घेतले की आकडे भरमसाट फुगतात आणि गणित कोसळते. डोके 25 सेंटिमीटरच्या घनात बसवले, तर घरे दीड कोटींहून अधिक, प्रत्येकात सहा आकडे, आणि एका नॅनोसेकंदासाठी पाचशेवर फेऱ्या. घराची बाजू निम्मी केली, तर मेमरी आठपट लागते आणि आकडेमोड सोळापट.

यींच्या काळातल्या संगणकांना हे ओझे पेलणारे नव्हते. निबंध जवळपास विस्मरणात गेला. 1975 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ॲलन टॅफ्लोव्ह आणि मॉरिस ब्रॉडविन यांनी तो पुन्हा हाती घेतला. प्रश्न होता, सूक्ष्मलहरींनी माणसाचा डोळा आतून किती तापतो? ते काढता काढता त्यांनी यींच्या निबंधातली पावलाची चुकलेली मर्यादाही दुरुस्त केली.

तरी एक अडचण उरलीच. मेमरी संपते तिथे जागाही संपते. लहर त्या कडेवर आपटून परत फिरते आणि उत्तर नासवते. 1994 साली फ्रान्सच्या झाँ-पिएर बेरांजे यांनी कडेला एक कल्पित थर लावला. लहर कोणत्याही कोनातून येवो, जवळजवळ मुळीच न परतता त्यात शिरते आणि विरून जाते. आठ-दहा घरांची जाडी त्याला पुरते.